विहिरींच्या नोंदी, आईचा गुडघा आणि लाक्सेनबुर्ग

पत्र

प्रिय ताई,

मी पुण्यात पीएच.डी. करते. तिसरं वर्ष चालू आहे. विषय कऱ्हा नदीच्या खोऱ्यातल्या शेतविहिरी आणि त्यांचं पुनर्भरण, म्हणजे पावसाचं पाणी मुरून त्या पुन्हा कशा भरतात ते. माझं गाव पुरंदर तालुक्यातलंच, त्यामुळे निम्म्या विहिरी ओळखीच्यांच्या आहेत. गेल्या आठवड्यात ऑस्ट्रियातल्या इयासा या संस्थेच्या उन्हाळी कार्यक्रमासाठी माझी निवड झाल्याची मेल आली. जून ते ऑगस्ट तिथे राहून पाण्याच्या संगणकीय मॉडेलवर काम करायचं. प्रवासाचा खर्च आणि राहण्या-जेवण्यापुरता भत्ता मिळेल. मेल वाचून आधी खूप आनंद झाला आणि मग रात्रभर झोप लागली नाही.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये करायचं ठरलंय. बाबा नाहीत. आई माझ्याजवळ कोथरूडला असते. दादा हिंजवडीत नोकरीला आहे, वाकडला राहतो. काका म्हणतात, 'तीन महिने जाऊन डिग्री मिळणार नाही, मग कशाला जायचं?' आमचे सर नाही म्हणत नाहीत, पण 'चौथ्या चॅप्टरचं काय ते बघा' एवढंच म्हणतात. आणि खरं सांगायचं तर मलाच धास्ती वाटते. माझी शाळा मराठी. तिथे जगभरातून लोक येणार. त्यांच्यापुढे मी काय ठेवणार? माझ्या विहिरींचे आकडे? ते आकडे घेतील आणि मी परत येईन, असं तर होणार नाही ना? महिनाअखेरीला उत्तर कळवायचंय. जाऊ का?

– एक संशोधक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

जा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तू घालमेलीत वाचणार नाहीस, तयारी म्हणून वाचशील.

सुरुवात घरापासून करू. तुझ्या पत्रात आई आहे, काका आहेत, सर आहेत. दादा मात्र एका वाक्यात येतो आणि जातो. त्याला तू काय विचारलंस, तो काय म्हणाला, याबद्दल एक अक्षर नाही. माझा अंदाज असा की त्याला कुणी विचारलेलंच नाही. मुलगी घरात असली की आईचं पथ्यपाणी, औषधांच्या वेळा, फिजिओथेरपीला नेणं-आणणं हे सगळं तिचंच, असं आपल्याकडे न बोलता ठरतं. बहुतेक वेळा ती मुलगीसुद्धा तसंच धरून चालते. मला याचा राग येतो. वाकड कोथरूडपासून काही लांब नाही. आई दोघांची आहे. तू दादाकडे 'मला जायचंय, जमेल का रे?' अशी विनवणी घेऊन जाऊ नकोस. कॅलेंडर घेऊन जा. आईला घेऊन बस, त्यालाही बसव आणि जूनपासून ऑगस्टपर्यंत कोण काय करेल ते तिघांनी मिळून लिहून काढा. त्याने नाही म्हटलं तर निदान ते स्पष्ट 'नाही' असेल. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तूच त्याच्या वतीने देऊन टाकलंस, तर पुढची कित्येक वर्षं ती गोष्ट मनात सलत राहील.

आईचंही तसंच. तिला काय वाटतं हे पत्रात कुठेच नाही. ऑपरेशनच्या तारखेआड ती दिसेनाशी झाली आहे. गुडघा बदलण्याचं ऑपरेशन तारीख ठरवून करायचं असतं, त्यामुळे ती तारीख बरेचदा पुढे-मागे करता येते. साधारणपणे पेशंटला एक-दोन दिवसांतच वॉकर धरून उभं करतात आणि जास्त काळजीचे पहिले सहा आठवडे असतात. म्हणजे एप्रिलच्या मध्याला ऑपरेशन झालं, तर ते सहा आठवडे तू इथेच असशील. ते जमत नसेल तर सप्टेंबरमध्ये, तू परत आल्यावर. हे दोन पर्याय घेऊन डॉक्टरांना भेट. थांबणं धोक्याचं आहे असं ते म्हणाले तर त्यांचं ऐकायचं आणि जूनची जबाबदारी दादाने घ्यायची. पण हे विचारल्याशिवाय आपल्या मनाने ठरवू नकोस.

आता सरांचं. 'चौथ्या चॅप्टरचं बघा' हा नकार नाही. ज्याच्यावर विद्यार्थ्याचा प्रबंध वेळेत पुरा करून घ्यायची जबाबदारी आहे, तो माणूस दुसरं काय म्हणेल? त्यांच्याकडे परवानगी मागायला जाताना एक पानभर मजकूर लिहून ने. मेअखेरीपर्यंत चौथ्या प्रकरणातलं काय पुरं होईल, उन्हाळ्यातलं काम प्रबंधाच्या कुठल्या प्रकरणात बसेल, तिथल्या मार्गदर्शकांशी सरांचं बोलणं कधी आणि कसं होईल. गाइडला आपल्या डोक्यावरून काही चाललंय असं वाटू लागलं की चांगला गाइडही अडून बसतो. त्यांना पहिल्या मेलपासून सामील करून घे. फेलोशिप असेल तर ती देणाऱ्या संस्थेची आणि संशोधन केंद्राची परवानगी लेखी घे. तोंडी 'हो हो, जा' यावर विसंबू नकोस.

पण सरांनी विचारायला हवा होता आणि तू लिहायला हवा होतास असा खरा प्रश्न वेगळाच आहे. तुझं पत्र वाचताना मला सगळ्यात आधी तोच दिसला. तू विहिरींच्या पुनर्भरणाचा अभ्यास करतेस आणि जून ते ऑगस्ट इथे नसणार. पाऊस पडणार, ओढे वाहणार, विहिरी भरू लागणार, आणि मोजणारी व्हिएन्नाजवळ. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये होतात. म्हणजे पावसाआधीचा आणि पावसानंतरचा आकडा सरकारी नोंदींत सापडेल, मधल्या चार महिन्यांत पाणी कसकसं चढलं ते सापडणार नाही. ती रेघ तुझी तुलाच काढायची आहे. ती या वर्षी तुटली तर मॉडेलमधून ती भरून निघणार नाही.

याची तजवीज आत्ता, मार्च-एप्रिलमध्येच करून ठेव. सगळ्या विहिरी धरू नकोस. दहा-बारा निवड: काही ओढ्याकाठच्या, काही माळावरच्या, एखादी कालव्याच्या लाभातली. गावातलीच दोन-तीन कॉलेजची मुलंमुली किंवा एखादे शिक्षक तयार कर. त्यांना आठवड्याच्या नोंदीचे पैसे दे. हौशीने केलेलं काम पेरणीच्या धांदलीत बंद पडतं आणि त्यात त्यांचा दोष नसतो. प्रत्येक विहिरीच्या काठावर रंगाने खूण कर, म्हणजे टेप दर वेळी तिथूनच सोडली जाईल. पंप किती वेळापूर्वी बंद झाला ते लिहायला सांग, कारण शेतीची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री, आणि उपसा चालू असताना घेतलेला आकडा फसवा असतो. वहीच्या पानाचा फोटो दर आठवड्याला तुझ्या फोनवर आला पाहिजे. मे महिन्यात दोन फेऱ्या त्यांच्याबरोबर स्वतः कर. उन्हाळ्यात भारताचं घड्याळ ऑस्ट्रियाच्या साडेतीन तास पुढे असतं. इथे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तिथे संध्याकाळचे सहा आणि बाहेर लख्ख उजेड. गावाशी आणि आईशी बोलायला ती वेळ सोयीची आहे.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला मनापासून द्यायचं आहे, कारण तो बऱ्याच घरांत विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. डिग्री नाही, मग काय मिळतं?

इयासा, म्हणजे इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर अप्लाइड सिस्टिम्स ॲनालिसिस, ही संस्था १९७२ साली स्थापन झाली. शीतयुद्ध चालू असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यासह बारा देशांनी ती मिळून काढली. पहिले संचालक हॉवर्ड रायफा अमेरिकन, परिषदेचे पहिले अध्यक्ष जर्मेन ग्विशियानी सोव्हिएत. अणुबाँबच्या धाकात जगणाऱ्या दोन बाजूंनी ऊर्जा, पाणी, लोकसंख्या, प्रदूषण अशा कुणा एका देशाच्या नसलेल्या प्रश्नांवर एका छताखाली काम करायचं ठरवलं. ते छत म्हणजे व्हिएन्नाच्या दक्षिणेला लाक्सेनबुर्ग इथला हॅब्सबर्ग घराण्याचा उन्हाळी राजवाडा. भारत टायफॅक या सरकारी तंत्रज्ञानविषयक संस्थेमार्फत २००७ मध्ये या संस्थेचा सदस्य झाला.

१९७४ साली येल विद्यापीठातले एक तरुण अर्थतज्ज्ञ तिथे वर्षभरासाठी गेले, विल्यम नॉर्डहाउस. त्यांचा विषय ऊर्जेचं अर्थशास्त्र. त्यांना जी खोली मिळाली ती ॲलन मर्फी या हवामानशास्त्रज्ञाबरोबर. त्या शेजारातून ते कार्बन डायऑक्साइड आणि तापमानवाढ या विषयाकडे वळले. १९७५ मध्ये त्यांनी तिथेच कार्बन डायऑक्साइडला आवर घालता येईल का यावर निबंध लिहिला, आणि हवामानबदलाच्या अर्थशास्त्राबद्दल २०१८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्या वर्षाने त्यांना डिग्री दिली नव्हती, एक शेजारी दिला होता. १९७७ पासून दर उन्हाळ्यात चालणारा तुमचा कार्यक्रमही त्याच बेताचा आहे. वर्ग आणि परीक्षा यांना तिथे फारसं स्थान नाही. आपला एक प्रश्न, एक-दोन मार्गदर्शक, आणि आजूबाजूला लोकसंख्या, जंगलं, शेती, हवा अशा विषयांवर काम करणारे तुझ्याच वयाचे पन्नासेक जण. शेवटी प्रसिद्ध करता येईल असा निबंध लिहून द्यायचा. काकांना हे सगळं सांग. त्यांना पटेलच असं नाही, पण तुझ्या तोंडून ऐकणं हा त्यांचा हक्क आहे.

यातून तुला माझा एक आग्रह कळला असेल. दुपारचं जेवण आपल्या खोलीत डबा उघडून एकटीने करू नकोस. रोज सगळ्यांबरोबर जा आणि बस.

आता त्या धास्तीकडे येते. तू ती पत्राच्या शेवटी लिहिलीस, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'ते आकडे घेतील आणि मी परत येईन.' ही भीती बिनबुडाची नाही. आपल्याकडच्या कित्येक मुलांची परदेशातली कामं अशीच होतात: इकडची माहिती, तिकडचं डोकं, आणि निबंधात नाव तिसरं-चौथं. पण यावर उपाय घरी बसणं हा नाही. उपाय एकच, आपला प्रश्न घेऊन जाणं. आकडे मागून येऊ देत.

पुण्यातलंच उदाहरण देते. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. घरातून विरोध होता, आणि तो कुणाचा? स्त्रीशिक्षणासाठी उभं आयुष्य वेचलेल्या महर्षी कर्व्यांचा, त्यांच्या सासऱ्यांचा. पती दिनकर यांनी पाठिंबा दिला, जीवराज मेहतांकडून कर्ज काढलं आणि त्या गेल्या. तिथल्या कैसर विल्हेल्म संस्थेत मार्गदर्शक म्हणून ऑयगेन फिशर मिळाले. वंशांमध्ये उच्चनीचता आहे असं मानणारा हा माणूस. त्याच्या विचारांचा आधार पुढे नाझींनी घेतला. इरावतीबाईंनी कवट्यांची मोजमापं घ्यायची आणि कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे का ते पाहायचं, असं काम होतं. त्यांनी मोजलं, आणि तसा संबंध त्यांना आढळला नाही. जे आढळलं तेच त्यांनी प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, आपली पदवी ज्याच्या हातात आहे त्याच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्यांनी मांडला, आणि डॉक्टरेट घेऊन १९३० मध्ये त्या परतल्या. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी काय उभं केलं ते तुला ठाऊक आहे.

तुझे मार्गदर्शक फिशरसारखे असतील असं मुळीच म्हणायचं नाही. बहुधा ते चांगले, उत्सुक आणि कामात बुडालेले लोक असतील. पण मॉडेलला स्वतःचं असं एक मत असतं, आणि ते फार सौम्यपणे तुझ्यावर लादलं जाईल. इयासाचं कम्युनिटी वॉटर मॉडेल जगभरासाठी चालवतात तेव्हा जमीन चौकटींत कापलेली असते. एक चौकट अर्ध्या अंशाची, म्हणजे आपल्याकडे पन्नास-पंचावन्न किलोमीटरची, किंवा पाच मिनिटांची (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), सुमारे नऊ किलोमीटरची. मोठ्या चौकटीत सासवड, जेजुरी आणि भुलेश्वरचा डोंगर एकत्र बसू शकतात. कऱ्हाकाठची विहीर आणि माळावरची विहीर तिथे एकच होते.

तुला मात्र यातल्या प्रत्येक विहिरीचा स्वभाव ठाऊक आहे. आपल्या कातळात पाणी सगळीकडे सारखं मुरत नाही. मुरमात आणि भेगांत साठतं, आणि बांधापलीकडची विहीर कोरडी असते. ऐन उन्हाळ्यात एखाद्या विहिरीचं पाणी अचानक वर येतं तेव्हा चौकटीला वाटेल काहीतरी चुकलंय. तुला माहीत असतं की पुरंदर उपसा योजनेचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं असेल, म्हणजे आपण पुणेकरांनी वापरून मुळा-मुठेत सोडलेलं पाणी डोंगर चढून तिथल्या शेतांत गेलं असेल. डिसेंबरात एखाद्या विहिरीची पातळी झपाट्याने उतरते आणि पिकाकडे पाहिलं तर तेवढं पाणी लागायचं कारण दिसत नाही. पाणी विहिरीतून उपसून प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भरून ठेवलेलं असतं, उन्हाळ्यात सीताफळ-अंजीर जगवायला. विहिरीच्या आतून आडवे बोअर कुणी, कधी आणि किती मारले हे तुला चहाच्या टपरीवर कळतं. हे सगळं 'स्थानिक माहिती' म्हणून परिशिष्टात टाकायचं नसतं. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं याचा तो हिशेब आहे, आणि मॉडेलचं कामही तोच हिशेब मांडणं आहे.

म्हणून जायच्या आधी एक प्रश्न लिहून काढ. एकच, आणि लहान. उदाहरणार्थ: शेततळी भरण्यासाठी होणारा उपसा मॉडेलमध्ये धरला तर कऱ्हेच्या खोऱ्यातल्या उन्हाळी पातळ्यांचं गणित किती बदलतं? हा प्रश्न तुझा असायलाच हवा असं नाही, मी माझ्या मनाने लिहिला. पण या आकाराचा हवा. 'हवामानबदल आणि महाराष्ट्रातलं भूजल' असलं काही घेऊन गेलीस तर पहिला महिना धुक्यात जाईल आणि मग कुणीतरी दयाळूपणे आपला प्रश्न तुला देईल. आकडे पुरवणारी होण्याची सुरुवात तिथेच होते.

मॉडेल सगळ्यांना खुलं आहे, पायथॉन या संगणकभाषेत लिहिलेलं आहे. आत्ताच उतरवून घे आणि आपल्या खोऱ्यासाठी चालवायचा प्रयत्न कर. अडशील, अडू दे. कुठे अडलीस त्याची यादी ही तुझी पहिल्या आठवड्याची शिदोरी. भीमेचं खोरं, ज्यात आपली कऱ्हाही येते, त्या मंडळींना नवं नाही. पुणे आणि जॉर्डनमधलं अम्मान या दोन शहरांचं पाणी, अन्न आणि ऊर्जा एकत्र अभ्यासणाऱ्या 'फ्यूज' प्रकल्पात इयासाचा सहभाग होता. त्यात काय झालंय ते जायच्या आधी वाच, म्हणजे झालेलंच पुन्हा करण्यात उन्हाळा जाणार नाही.

आणि हक्काचं बोलणं पहिल्या आठवड्यातच करून घे. निबंधात पहिलं नाव कुणाचं, सरांचं नाव कुठे, विहिरींच्या नोंदी कार्यक्रम संपल्यावर कुणाकडे राहतील आणि पुढे कुणी कशासाठी वापरू शकेल. हे बोलणं आपल्या लोकांना उद्धटपणाचं वाटतं. तिथे ते रोजचं असतं, आणि ऑगस्टमध्ये बोलण्यापेक्षा जूनमध्ये बोलणं दोघांनाही सोपं जातं. बोलून झाल्यावर 'आपलं असं असं ठरलं' अशी चार ओळींची मेल पाठव. शेतकऱ्यांची नावं आणि गट नंबर काढून टाकलेली प्रतच बरोबर ने. ज्यांनी तुला विहिरीत टेप सोडू दिली त्यांना जायच्या आधी सांग की या नोंदी घेऊन मी परदेशात चाललेय, अमुक कामासाठी. एखादा नको म्हणाला तर त्याची विहीर वगळ.

इंग्रजीबद्दल मी फार लिहिणार नाही. त्या खोल्यांमध्ये इंग्रजी मातृभाषा असलेले लोक थोडेच असतात. चिनी, ब्राझिलियन, इराणी, ऑस्ट्रियन, सगळे आपापल्या वळणाचं इंग्रजी बोलतात. तू फक्त एक पाच मिनिटांचं बोलणं पक्कं कर: माझं खोरं कुठे आहे, प्रश्न काय आहे, मी काय मोजलं. ते विषय माहीत नसलेल्या दोन-तीन जणांपुढे करून बघ. दादा इंजिनियर असेल तर त्याच्यापुढेही कर. तुझं काम काय आहे हे त्याला त्यातून कदाचित पहिल्यांदाच कळेल. आणि समजलं नाही तर 'पुन्हा सांगाल का?' असं लगेच विचारायचं, संध्याकाळपर्यंत मनात धरून ठेवायचं नाही.

राहता राहिली कागदपत्रं. पासपोर्टची मुदत आज काढून बघ. तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. कमी पडत असेल तर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ लगेच घे. मग दिवस मोज, कारण इथे पुष्कळ जण फसतात. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि पोचण्याचा व निघण्याचा दिवसही त्यात धरतात. १ जून ते २९ ऑगस्ट बरोबर ९० होतात. ३१ ऑगस्टपर्यंत थांबलीस तर ९२, आणि मग ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय 'डी' व्हिसा लागतो. त्याचा अर्ज वेगळा, कागदपत्रं वेगळी. तिकीट काढायच्या आधी हे ठरव. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फी भरावी लागली, तर व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. एप्रिल-मे म्हणजे सुट्टीला युरोपात निघालेल्या कुटुंबांची गर्दी, वेळा मिळत नाहीत, तेव्हा निवडीचं पत्र हातात आलं की त्याच आठवड्यात कामाला लाग. व्हिसा, विमा आणि तिथला पहिल्या महिन्याचा खर्च भत्ता हातात पडण्याआधी करावा लागू शकतो. तेवढे पैसे बाजूला काढ. काढता येत नसतील तर कार्यक्रमाच्या लोकांना सरळ लिही की आगाऊ काही मिळेल का. असं विचारण्यात कमीपणा नाही.

सामानात आई तुपाची बरणी आणि पेढे घालू पाहील. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस प्रवाशाला नेता येत नाही. आंबाही रोपस्वास्थ्याच्या दाखल्याशिवाय चालत नाही, आणि ताज्या कढीपत्त्याचंही तेच. गोडा मसाला, मेतकूट, सुकी चटणी, बाकरवडी खुशाल ने. तांदूळ, डाळी व्हिएन्नात मिळतात. रविवारी तिथली दुकानं बंद असतात, हे पहिल्या शनिवारीच लक्षात ठेव. नळाचं पाणी उत्तम असतं, थेट आल्प्समधून येतं. बाटल्यांवर पैसे घालवू नकोस.

प्राग, साल्झबुर्ग वगैरे बघ, पण पहिला महिना सगळे शनिवार-रविवार गाडीत घालवू नकोस. बारा-तेरा आठवड्यांपैकी पहिले दोन प्रश्न नीट करण्यात जातात आणि शेवटचे दोन लिहिण्यात. मधे जेवढे उरतात तेवढेच कामाचे.

आता या रविवारी दादाला घरी बोलाव. सोमवारी डॉक्टरांची वेळ घे. सरांसाठीचं पान मंगळवारी त्यांच्या टेबलावर असू दे. हे तिन्ही झाल्यावर महिनाअखेरीची वाट न बघता होकाराची मेल पाठव, कारण तुझ्या व्हिसाच्या तयारीला त्या मेलनंतरच सुरुवात होते. आणि पावसाळी नोंदींसाठी गावात कोण तयार झालं ते मला कळव. मुलं मिळाली नाहीत तर मला लिही. भूजलाचं काम करणारे काही जुने सहकारी त्या भागात आहेत, त्यांच्याशी तुझी गाठ घालून देईन.

तुझी,
ताई